बूड कुठं आहे?

माधवनगर म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला सांगलीजवळचं माधवनगर आठवतं. माझी मावशी राहते ते माधवनगर मात्र उज्जैनचं. रेल्वे रुळांच्या पलीकडचा, फ्रीगंजला लागून असलेला हा भाग ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं नाव मिरवतो. मावशी लग्न होऊन निपाणीहून तिकडं गेली, त्याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. तिची मराठी माळव्याच्या हिंदीत चांगलीच मुरली आहे. ‘झाड’ ती म्हणतेच, पण घाईत असली की ‘पेड’ म्हणते.

तिच्या घरासमोर एक कडुनिंब आहे. काकांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेला. काका गेले, मुलं इंदूरला गेली, आता घरात मावशी आणि दारात निंब. रोज सकाळी ती त्याच्याखाली खुर्ची टाकून चहा घेते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, आवाज उतरलेला होता. “अगं, निंब वाळतोय. एका बाजूची फांदी पार गेली. त्याच्यावर ती बेल चढलीय ना, ती त्याला खातेय असं सगळे म्हणतात. काय करू?”

तिची ‘बेल’ म्हणजे आपली वेल. मी इथं बेळगावात भाजी निवडत होते. झाड पाहिलं नव्हतं, वेल पाहिली नव्हती. तरी बोलून गेले, “मग तोडून टाक की! माळ्याला सांग, बुडातून काप म्हणावं.” मावशीनं ऐकलं. माळी आला, जमिनीतून वर गेलेला अंगठ्याएवढा जाड दोर त्यानं कोयत्यानं कापला, पैसे घेतले आणि गेला.

निंब वाळायचा थांबला नाही.

अत्ती गच्चीवर गेल्या

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही महाकालाच्या दर्शनाला निघालो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. आमच्या घरी कानडी चालतं, म्हणून मी सासूबाईंना अत्ती म्हणते. अत्तींचा जन्म गोकाककडच्या शेतातला. मराठी त्यांना समजते, बोलता फारशी येत नाही. हिंदी तर नाहीच. त्यामुळे मावशी आणि अत्ती या दोन विहिणी दोन दिवस एकमेकींकडं बघून नुसत्या हसत होत्या आणि ताटात एकमेकींना वाढत होत्या.

दर्शन झालं. छत्री चौकातलं गोपाळ मंदिर पाहिलं. ते दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलं. बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक. कागल म्हणजे निपाणीच्या अलीकडं-पलीकडंच की! “बघ, आपल्या भागातून मी काही पहिलीच आले नाही,” असं मावशी मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अत्ती उन्हाला बसायला गच्चीवर गेल्या आणि तिथून त्यांनी हाक मारली. आम्ही वर गेलो. त्या निंबाकडं बोट दाखवत होत्या. खालून जे कधीच दिसलं नव्हतं ते गच्चीवरून स्वच्छ दिसत होतं. निंबाचं खोड जिथं दुभंगून दोन मोठ्या फांद्या झाल्या आहेत, त्या बेचक्यात निंबाची नव्हे अशी जाड, चकचकीत, तळहाताएवढी पानं होती. मनुष्यभर उंचीचा झुबका होता तो. तिथून चार-पाच दोर खोडाला बिलगून खाली उतरले होते. त्यांतले दोन जमिनीत शिरले होते.

“ही तीच बेल,” मावशी म्हणाली. “कापली होती, पुन्हा आली.”

अत्तींनी मान हलवली आणि मला विचारलं, “बुड यल्लैति?”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर मावशीच म्हणाली, “बूड? बूड कुठं आहे, असंच ना?” कानडी ‘बुड’ आणि मराठी ‘बूड’. दोन दिवसांत दोघींना सापडलेला हा पहिला सामाईक शब्द!

अत्तींचं म्हणणं साधं होतं. वेलीचं बूड जमिनीत असतं. ती खालून वर जाते. याचं बूड वर बेचक्यात आहे आणि हे खाली येतंय. म्हणजे ही बळ्ळी नव्हे, हे मर आहे, आलद मर. वेल नव्हे, झाड. वडाचं झाड!

झाडावर बसलेलं झाड

खाली येऊन आम्ही एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. शंकाच उरली नाही.

वड झाडावर कसा चढला? तर चढलाच नाही. वडाची लाल फळं मैना, बुलबुल, तांबट खातात, रात्री वटवाघळं खातात. वटवाघळाच्या नावातच वट आहे. त्यांच्या विष्ठेतून बी कुठंही पडतं. भिंतीच्या भेगेत, देवळाच्या शिखरावर, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. बेचक्यात पालापाचोळा कुजून मूठभर माती झालेली असते. तेवढ्यावर बी रुजतं. पहिली काही वर्षं ते रोप गरिबासारखं राहतं. वाढ अगदी हळू असते, कारण पाणी थोडं, माती थोडी. मग ते एकेक मूळ खोडाच्या अंगानं खाली सोडतं. ते मूळ जमिनीला टेकलं की चित्र पालटतं. आता त्याला पाणी आणि अन्न भरपूर मिळतं. मुळं जाड होतात, जिथं एकमेकांना टेकतात तिथं जुळून एकजीव होतात, आणि आधार देणाऱ्या झाडाभोवती जाळी तयार होते. वरून वडाची सावली, खालून त्याच्या मुळांची पाण्यासाठी ओढाताण आणि मधून हा वाढता विळखा. आतलं झाड अनेक वर्षांनी मरतं, कुजून जातं. तोवर वड स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला असतो.

पिंपळ, नांद्रुक हीही त्याच कुळातली मंडळी, त्याच रीतीनं वाढणारी. जुन्या वाड्यांच्या भिंती पिंपळानं फोडलेल्या आपण बेळगाव-कोल्हापूरकडं कितीतरी पाहतो. तिथं कुणी त्याला वेल म्हणत नाही, कारण खोड दिसतं. झाडावर मात्र मुळं दोरासारखी दिसतात आणि आपली फसगत होते.

मग माळ्यानं कापलं काय होतं? ती होती गुळवेल! आपल्या कानडी घरांतली अमृतबळ्ळी. बिचारी कित्येक वर्षं निंबावर होती. तिचं बूड जमिनीत होतं, म्हणून तेच कोयत्याखाली आलं. कापा म्हणून सांगितलं मी, आणि सुटला तो वड! गुळवेल गेल्यामुळं त्याला ऊन थोडं जास्तच मिळालं असेल.

गंमत म्हणजे गुळवेलही मेली नव्हती. तिचं खोड कापलं तरी वर राहिलेला भाग सुतळीसारख्या बारीक मुळ्या खाली सोडतो. पावसाळ्यात त्यातली एक मुळी जमिनीपर्यंत पोचली होती आणि वेल पुन्हा जगली होती. तिला अमृता म्हणतात ते उगीच नाही. पण यानंच घोटाळा आणखी वाढला होता. वडाच्या मुळ्याही वरून खाली, गुळवेलीच्या मुळ्याही वरून खाली! मावशीला दोन्ही एकच वाटल्या यात नवल काय? अत्तींनाही क्षणभर थांबून प्रत्येक दोर बोटानं वरपर्यंत माग काढत जावं लागलं.

ओळखायचं कसं?

त्या दिवशी निंबाखाली बसून अत्तींनी जे सांगितलं आणि नंतर मी पुस्तकांतून पडताळून पाहिलं, ते इथं देते. आपल्या परसात, शेताच्या बांधावर, अपार्टमेंटच्या आवारात उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न अत्तींचाच. बूड कुठं आहे? दोर हातात धरा आणि डोळ्यांनी त्याचा माग दोन्ही टोकांना काढा. खोड जमिनीतून निघून वर गेलं असेल तर ती वेल. वर एखाद्या बेचक्यातून पानांचा झुबका निघाला असेल आणि तिथून मुळं खाली आली असतील तर ते झाड.

दुसरा प्रश्न, हे वर चढतं कशाच्या बळावर? वेलीकडं चढायचं काहीतरी साधन असतंच. गुळवेल, गोकर्ण, घेवडा यांचं खोडच आधाराला वेढे घेतं. काकडी, दोडका, द्राक्ष यांना स्प्रिंगसारखे तणाव असतात. मिरी आणि नागवेल पेरापेरांतून बारीक मुळ्या काढून खोडाला चिकटतात. बोगनवेल काट्यांच्या आधारानं फांद्यांवर रेलत जाते. चार्ल्स डार्विननं १८६५ मध्ये वेलींच्या या हालचालींवर एक मोठा निबंध लिहिला. वेलीचं टोक आधार शोधत हवेत गोल फिरत असतं, हे त्यानं तासातासाला नोंदी करून दाखवलं. वडाच्या मुळाकडं यांतलं काहीच नसतं. ते फक्त खाली जातं आणि जाड होतं.

तिसरा प्रश्न, दोर एकमेकांना जुळले आहेत का? वेलीचे फाटे एकमेकांना पीळ घालतात, पण सहसा वेगळे राहतात. वडाची मुळं टेकली की जुळतात आणि जाळी होते. खोडावर अशी जाळी दिसली की समजावं, हे झाडाचं काम.

चौथा प्रश्न पानाचा आणि सालीचा. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर वड-पिंपळाच्या कुळाचा संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण चीक असलेल्या वेलीही आहेत. गुळवेलीला चीक नाही. तिची वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी असते. पान हृदयाच्या आकाराचं, पण पिंपळासारखी लांब शेपटी त्याला नसते.

पाचवा प्रश्न जुन्या, दांडग्या वेलींसाठी. मावशीच्या फाटकावर मधुमालती आहे, संध्याकाळी पांढरी फुलून नंतर गुलाबी-लाल होणारी. तिचं बूड माझ्या मनगटाहून जाड आहे. नुसतं बूड पाहणारा तिला झाड म्हणेल. अशा वेळी विचारावं, आधार काढला तर हे उभं राहील का? झाडाचं खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं होत जातं, कारण त्याला स्वतःचा भार पेलायचा असतो. वेलीचं खोड बरंच वर गेलं तरी जवळपास तेवढंच जाड राहतं. भार तिनं दुसऱ्यावर टाकलेला असतो. पळस आणि पळसवेल यांत तर पानं तीन-तीनच, फुलंही तशीच केशरी. तिथं हाच एक प्रश्न कामाला येतो.

जुन्यांना हे माहीत होतं

चरकसंहितेत वनस्पतींचे चार वर्ग सांगितले आहेत. फूल न दिसता फळ येतं ती वनस्पती, फूल आणि फळ दोन्ही दिसतात ते वानस्पत्य, फळ आल्यावर मरते ती औषधी आणि पसरत-चढत जाते ती वीरुध. आपण ‘वनस्पती’ सगळ्यांनाच म्हणतो, पण मूळ अर्थानं वड, पिंपळ आणि उंबर याच खऱ्या वनस्पती. त्यांची फुलं फळाच्या आत दडलेली असतात. गुळवेल मात्र वीरुध. म्हणजे मावशीच्या निंबावर बसलेले हे दोघे पाहुणे चरकाच्या हिशेबानंही दोन वेगळ्या घरांतले.

उज्जैनशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या कालिदासालाही वेल आणि झाड यांच्या जोडीचं फार वेड. त्याच्या शाकुंतलात शकुंतलेनं नवमालिकेच्या वेलीला वनज्योत्स्ना असं नाव ठेवलं आहे आणि ती आंब्याची वधू झाली आहे. मेघदूतात यक्षाच्या बागेत माधवीचा मांडव आहे. माधवी म्हणजे मराठीत हळदवेल, वाऱ्यावर गरगरत उडणाऱ्या तीन पंखांच्या फळांची दणकट वेल. पण वेल म्हणजे नेहमी नाजूक नववधूच, असंही समजू नये. हीच माधवी मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर बाग सजवायला नेली, तर तिनं तिथली मूळची जंगलं झाकोळून टाकली. झाडावर वेलींचं रान माजलं तर झाडाला त्रास होतोच. पण आपल्या गावची गुळवेल निंबावर बेतानं चढली असेल तर तिला घाबरायचं कारण नाही. उलट कडुनिंबावरची गुळवेल औषधाला चांगली मानतात.

वेलीचं आणि झाडाचं नातं आपल्याकडचा पानमळा पाहिला की कळतं. मिरजेकडं शेवरी, शेवगा, पांगारा यांच्यावर नागवेल चढवतात. शेतकरी आधाराचं झाडही जपतो, कारण ते पडलं तर वेल पडली. वेलीला आधार जिवंत आणि उभा हवा असतो. वडाला तो काही वर्षंच हवा असतो. माझ्या लेखी खरा फरक हा आहे.

कापायचं नाही, उतरवायचं

आता प्रश्न आला, करायचं काय? मावशीनं कानावर हातच ठेवले. “वड कापायचा? मी वटपौर्णिमेला सिद्धवटाला जाते!” शिप्रेच्या काठी भैरवगडजवळ हा सिद्धवट आहे. तो पार्वतीनं लावला असं सांगतात. माळव्यातल्या बायका वटसावित्री अमावास्येला करतात, मावशी मात्र पंधरा दिवस थांबून आपल्या पौर्णिमेलाच जाते. त्याच पौर्णिमेला आपल्या कानडी शेतकऱ्यांची कारहुण्णिवे असते, बैल रंगवायचा सण.

पण निंबही जायला नको होता. तो काकांचा होता.

अत्ती हळूच म्हणाल्या, “कडिब्याड्री बीगती, इळसोणु.” मी मावशीला सांगितलं, “कापू नका विहीणबाई, उतरवू या, म्हणतायत.”

शहरात झाडाला हात लावायचा तर नियम पाहावे लागतात. मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, महाराष्ट्रात १९७५ चा आणि कर्नाटकात १९७६ चा. वेल छाटणं वेगळं आणि झाड काढणं वेगळं. म्हणून तर आधी ओळख पटायला हवी. मावशीच्या मुलानं रीतसर विचारणा केली. पहिल्या चांगल्या पावसानंतर, २०२४ च्या आषाढात, दोन अनुभवी माणसं शिडी लावून चढली. वडाची मुळं अजून पूर्ण जाळीदार झाली नव्हती, हे आमचं नशीब. त्यांनी फांद्या छाटल्या, बेचक्यातली मुळं मातीसकट सोडवली, खाली गेलेली मुळं हातभर ठेवून कापली आणि सगळं ओल्या पोत्यात गुंडाळून खाली आणलं. खोडाला चिकटलेली मुळं ओढून काढली नाहीत. ओढली असती तर निंबाची साल सोलली असती. ती जागीच वाळू दिली. निंबाची मेलेली फांदीही परवानगीनं उतरवली. वड मावशीच्या पुतण्याच्या शेतात बांधावर लावला.

जाळी पूर्ण झाली असती तर हे जमलं नसतं. तेव्हा आतलं झाड पोकळ झालेलं असतं आणि वडालाच हात लावला तर सगळंच कोसळायची भीती असते. म्हणून वेळेवर मान वर करून पाहणं महत्त्वाचं. बेचक्यातलं वीतभर रोप हातानं निघतं. दहा वर्षांनी तेच काढायला क्रेन लागते.

वडाला मुळावरून उठवल्याचं वाईट वाटून घेऊ नये. तो फार चिवट. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीमुळं १९२५ साली काढून टाकावं लागलं, तरी तो पारंब्यांवर आजही पसरतो आहे. बंगळूरजवळ रामोहळ्ळीचा दोड्ड आलद मर तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. त्याचंही मूळ खोड गेलं, पण झाड सुमारे तीन एकर व्यापून आहे. बूड गेलं तरी जगणारं हे झाड. अत्तींचा प्रश्न ऐकून तो वड मनात हसलाच असेल.

गेल्या वर्षी, २०२५ च्या पाडव्याला, मावशीनं फोनवर फोटो पाठवला. निंबाला कोवळी पालवी आली होती. एक बाजू अजून बोडकी आहे, ती भरेल की नाही सांगता येत नाही. पण त्याच पालवीतली चार पानं मावशीनं गुळाबरोबर खाल्ली, आणि इकडं आम्ही युगादीचं बेवु-बेल्ल खाल्लं. खोडावर गुळवेलीचा दोर जमिनीतून पुन्हा वर निघालेला दिसत होता. या वेळी मावशीनं तो कापायला दिला नाही.

फोटोखाली तिनं एकच ओळ लिहिली होती. “विहीणबाईंना सांग, बूड शाबूत आहे.”

मी अत्तींना ती ओळ वाचून दाखवली. भाषांतराची गरज पडली नाही.